दोन किटल्यांचं नाणं

फोन आला तेव्हा मी भाजीवालीशी दहा रुपयांच्या नाण्यावरून वाद घालत होतो. आमच्या अमरावतीच्या बाजारात दहाचं नाणं सहसा कोणी घेत नाही. का घेत नाही, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. शांताबाईंनी मेथीची जुडी मागे ओढली आणि म्हणाल्या, "नोट द्या भाऊ. हे माह्यापासून पुढं कोणी घेत नाही." मी त्यांना समजावत होतो की बाई, हे पाहा, मध्ये पांढरं, कडेला पिवळं, आणि सालाच्या खाली ही एवढीशी हिऱ्यासारखी खूण. म्हणजे हे मुंबईच्या टांकसाळीतलं, अस्सल. यातला एकही शब्द माझा नव्हता. सगळे माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे मामाजींचे, होते. तेवढ्यात फोन वाजला. माझा मेहुणा सुनील बोलत होता. "भाऊजी, बाबा गेले. सकाळी चहा घेता घेता..."

मी नाणं हातात धरून तसाच उभा राहिलो. शांताबाईंनी माझं तोंड पाहिलं, मेथी पिशवीत टाकली आणि माझ्या बोटांतून ते नाणं हळूच काढून घेतलं. "राहू द्या भाऊ. नाणंच चालते." जन्मभर ज्या गोष्टीसाठी मामाजी लोकांशी भांडले, ती त्यांच्या मरणानं एका मिनिटात झाली. हे माझ्या मनात आलं आणि ताबडतोब मला अपराधी वाटलं. मला अपराधी वाटायला तसं फारसं कारण लागत नाही. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी मला शेजाऱ्याबद्दल वाईट वाटतं. पण त्या दिवशी कारण होतं, आणि ते मी पुढे सांगणार आहे.

मामाजींचं अकोल्यात जुन्या वस्तीत मेडल आणि बिल्ल्यांचं दुकान होतं. घराच्याच पुढच्या खोलीत. शाळांच्या स्पर्धांची पदकं, स्काउटचे बिल्ले, कबड्डी मंडळांच्या ढाली असा सगळा माल. खोलीच्या मधोमध हाताचा प्रेस उभा होता. वर आडवा लोखंडी दांडा, दांड्याच्या दोन्ही टोकांना नारळाएवढे गोळे. दांडा जोरात फिरवला की स्क्रू खाली येतो आणि दोन ठशांच्या मध्ये ठेवलेल्या पितळी चकतीवर चित्र उमटतं. "सरकारची टांकसाळ म्हणजे दुसरं काय हाय?" मामाजी म्हणायचे. "हेच. फक्त त्यायच्या इथं लाइट जात नाही."

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो मुलगी पाहायला गेलो तेव्हा. पोहे झाले, चहा झाला, माझ्या मामांनी माझा पगार जरा वाढवून सांगितला. मामाजी तोवर एक शब्द बोलले नव्हते. एकदम म्हणाले, "खिशात नाणं हाय काय?" मी घाबरून रुपया काढून दिला. त्यांनी खिशातून भिंग काढलं, नाणं उजेडाकडे नेलं, अंगठ्यानं कड घासली, फरशीवर टाकून आवाज ऐकला. मग समाधानानं मान हलवली. "हैदराबाद. चांदणी पाहा खाली." रेखानं, म्हणजे जिला पाहायला आम्ही आलो होतो तिनं, कपाळाला हात लावला. माझ्या मामांनी विचारलं, "मग, मुलगा कसा वाटला?" मामाजी म्हणाले, "मुलाचं काही सांगता येत नाही. नाणं चांगलं हाय."

नाण्यावरच्या खुणा म्हणजे त्यांच्या मते नाण्याचं गाव. हिरा मुंबईचा, चांदणी हैदराबादची, साधा गोल ठिपका नोएडाचा. आणि ज्याच्यावर काहीच खूण नाही ते कलकत्त्याचं. "जुनं घराणं हाय," ते म्हणत. "आपण कोण हे सांगाची त्यायले गरज पडत नाही." नवीन नाणं बाजारात आलं की ते आठवडाभर त्याच्यावर संतापलेले असत. जुनं दोन रुपयांचं नाणं त्यांना फार प्रिय, कारण त्याला अकरा कोन होते. "आंधळ्याच्या बोटाले समजलं पायजे, आपल्या हातात काय हाय." पुढे रुपया आणि दोन रुपये एकसारखे गोल दिसू लागले तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत, असं माझ्या सासूबाई, म्हणजे मामीजी, सांगतात. जेवले, पण कुरकुरत जेवले, असं रेखा सांगते. आणि रुपयाच्या नाण्यावर उभा अंगठा आला तेव्हा तर ते गल्लीभर ते नाणं दाखवत फिरले. "पाहा! रुपयात आता काही येत नाही, हे सरकारनं सोता लिहून देलं."

चुकतही खूप. एकदा त्यांनी किराणेवाल्याचं पाच रुपयांचं नाणं आवाजावरून खोटं ठरवलं. किराणेवाला चिडून बँकेत गेला, नाणं खरं निघालं. मामाजी जागचे हलले नाहीत. "नाणं खरंच हाय. फक्त खोटारडं वाजते."

त्या मुलगी पाहण्याच्या दिवशी निघताना त्यांनी माझ्या हातावर एक पितळी नाणं ठेवलं. सरकारी नव्हे, त्यांचं स्वतःचं. एका बाजूला चहाची किटली, दुसऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात 'एक चहा', आणि खाली एक छोटीशी गोलसर खूण. "हे आपलं," ते म्हणाले. "लग्न जमो ना जमो, एक चहा तुमचा आमच्याकडं राह्यला."

त्या नाण्याची कथा अशी. तेव्हा सुट्ट्या पैशांची फार ओरड होती. बसस्टँडजवळच्या गजूभाऊंच्या हॉटेलात सुट्ट्यांऐवजी गोळ्या मिळत, आणि एक दिवस एका गिऱ्हाइकानं गोळ्यांनीच चहाचे पैसे चुकवले. गजूभाऊ हतबल होऊन मामाजींकडे आले आणि मामाजींच्या आयुष्याचं सोनं झालं. जन्मभर दुसऱ्यांची पदकं ठोकणाऱ्या माणसाला नाणं पाडायला मिळालं! त्यांनी सिंह काढला नाही, रुपया लिहिला नाही, आकडा तर मुळीच टाकला नाही. सरकारी नाण्याचा भासही होऊ नये इतकं ते मोठं केलं. आकडा न टाकण्याचं त्यांचं वेगळंच कारण होतं. "आकडा टाकला की नाणं म्हातारं होते. आज रुपयाले चहा, उद्या दोनाले. पण एक चहा म्हणजे एक चहा. तो कसा म्हातारा होईन?" खाली टांकसाळीची खूण म्हणून त्यांनी कापसाचं बोंड कोरलं. वऱ्हाडाची खूण दुसरी काय असणार? ठसा उलटा आणि खोलगट कोरायचा असतो, जागा ज्वारीच्या दाण्याएवढी. बोंडाच्या पाकळ्या उमटल्या खऱ्या, पण उमटल्या त्या हुबेहूब लसणाच्या कुड्या. आठवड्याच्या आत सगळं अकोला त्या नाण्याला 'लसण्या' म्हणू लागलं. "लसूण नाही, बोंड हाय ते!" हे वाक्य मामाजींनी पुढची पंचवीसेक वर्षं रोज उच्चारलं असेल.

लसण्या गजूभाऊंच्या हॉटेलातून निघाला आणि परत यायचं विसरला. पानवाला घेऊ लागला, न्हावी घेऊ लागला, कंडक्टर एकमेकांना देऊ लागले. परतवाड्याच्या गाडीत बसून तो मेळघाटाच्या पायथ्यापर्यंत गेला. एका मारुतीच्या देवळाची दानपेटी उघडली तर त्यात पसाभर लसण्ये निघाले. विश्वस्त मंडळी पिशवी घेऊन हॉटेलात आली आणि पाळीपाळीनं महिनाभर चहा पीत बसली. एक हवालदार चौकशीला आला. त्यानं नाणं उलटसुलट पाहिलं, त्याच नाण्यावर चहा घेतला, आणि जाताना म्हणाला, "पुरावा म्हणून एक संगं नेतो."

माझा संबंध येतो तो दिवाळसणाला. जावयाला पाटावर बसवावं, ओवाळावं, अंगठी द्यावी अशी रीत आहे. मामाजींनी मला ओवाळून होताच प्रेसपुढे उभं केलं. गजूभाऊंना आणखी माल हवा होता. मामीजींनी चिंचेच्या पाण्यात चकत्या घासून ठेवल्या होत्या. मामाजींनी शिकवलं. खालच्या ठशावर चकती ठेवायची, बोटं काढून घ्यायची, मग दांडा. "बोटं पयले काढजा जवाईबापू. आतापासून नऊ बोटांचा जवाई नाही पायजे मले." सुरुवातीला मी अर्धी किटली चकतीवर आणि अर्धी हवेत अशी नाणी पाडली. ती पाहून ते खूश झाले, "असे बिघडलेले शौकीन लोक मांगतात" म्हणाले, आणि जेवून झोपायला गेले. जाताना सांगून गेले की खालचा ठसा झिजला आहे, तो काढा आणि ट्रेमधला दुसरा बसवा.

ट्रेमध्ये दोन ठसे होते. ठशात सगळं उलटं असतं हे मला माहीत होतं, म्हणून मी फार विचार केला. माझी सगळी संकटं मी फार विचार केल्यावरच आलेली आहेत. उलट्याचं सुलट आणि सुलट्याचं उलट करता करता मला वाटलं, अक्षरं उलटी दिसतात ती चूक, हा ठसा टाकाऊ असणार. मी दुसरा बसवला, आणि तो होता जुन्या किटलीचा. मामाजींची झोप पुरी होईपर्यंत मी घाम गाळून नाणी पाडली. नाण्याच्या वर किटली, खालीही किटली, आणि 'एक चहा' कुठेच नाही. घाईत मी ती उलटूनही पाहिली नाहीत. गजूभाऊ आले, पिशवी घेऊन गेले. मामाजी उठले आणि खाली राहिलेलं एक नाणं त्यांनी उचललं. दोन्ही बाजू भिंगाखाली धरल्या. मग मामीजींना हाक मारली, "अवं, पाह्य! जवाईबापूनं चहा दुप्पट केला."

दुसऱ्या दिवशी हॉटेलात भांडणं सुरू झाली. एक पक्ष म्हणे, लिहिलेलंच नाही, मग चहा कशाचा? दुसरा म्हणे, दोन किटल्या आहेत, दोन चहा पायजेत. गजूभाऊ रडकुंडीला आले. ती सगळी नाणी परत आणून वितळवू, पैसे मी देतो, असं मी म्हणालो. मला खरंच झोप आली नव्हती. मामाजींनी ऐकलं नाही. "टांकसाळीची चूक हाय. चूक टांकसाळ भरन, गिऱ्हाईक नाही. दोन किटल्या, दोन चहा." त्या दिवसापासून सासुरवाडीच्या गल्लीत मी 'दोन किटल्यांचा जावई'.

पुढे रस्ता रुंद झाला, हॉटेल गेलं, गजूभाऊ मुलाकडे पुण्याला गेले. लोकांच्या खिशातले लसण्ये तिथेच मेले असते. मामाजींनी दुकानाच्या दारावर पाटी लावली, 'चहाची नाणी येथे स्वीकारली जातील.' गजूभाऊंनी पाडून घेतली असली तरी खाली खूण आपली आहे, हा त्यांचा हिशोब. आणि लोक येऊ लागले. कधी महिन्यातून एक, कधी एकदम चार. चहा तोवर दहा रुपयांवर गेला होता, पण नाण्यावर आकडा नव्हता. मामीजी ओट्यापाशी उभ्या राहून म्हणत, "टांकसाळ ह्यायची, अन् गॅस माह्या!" परत आलेलं नाणं मामाजी भिंगाखाली धरत, पुसत, आणि लोणच्याच्या मोठ्या चिनी मातीच्या बरणीत टाकत. "घरी आलं," एवढंच म्हणत. शेवटच्या वर्षांत त्यांना एकच ध्यास होता, की आपल्यामागे कोणी लसण्या घेऊन दाराशी आला तर तो तसाच परत जाऊ नये. सुनीलला ते परत परत सांगत. सुनील बिचारा चांगला मुलगा, नोकरी करून थकलेला. तो म्हणे, "बाबा, किती नाणी बाहेर हायेत ते तरी सांगा." मामाजींना ते आठवत नव्हतं. कधी हजार म्हणत, कधी दोन हजार.

आता माझं कारण. मुलगी पाहायला गेलो तेव्हा मिळालेलं ते पहिलं नाणं मी कधी वटवलंच नाही. किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर खिशात घेऊन फिरलो. गेल्या उन्हाळ्यात कॉलेजच्या कामासाठी अकोल्याला गेलो होतो. पाच मिनिटांसाठी दुकानाच्या दारात उभा राहिलो, चपलाही काढल्या नाहीत. मामाजी प्रेसशेजारच्या स्टुलावर बसले होते. म्हणाले, "बसा, चहा टाकाले सांगतो." मी म्हणालो, "गाडी आहे मामाजी. पुढच्या वेळी." ते हसले. "इतके वर्ष नाणं घेऊन फिरून राह्यले, वटवत काहून नाही? खोटं वाटते काय?" मी घड्याळ पाहिलं. ती पुढची वेळ आली नाही... आणि गाडी त्या दिवशी बराच उशिरा आली. तेवढ्या वेळात मी स्टँडवर दोन चहा प्यायलो. हे मी आजवर रेखालाही सांगितलेलं नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मांडववाले बांबू सोडत होते. सुनील आणि मी पुढच्या खोलीत बसलो होतो. भंगारवाला प्रेस पाहून गेला होता आणि लोखंडाचा भाव सांगून गेला होता. सुनील हळू आवाजात म्हणाला, "भाऊजी, खोली भाड्यानं देऊ म्हणतो. आईलेही आराम पडन." मी काही बोलणार तेवढ्यात दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. टोपी, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात कापडी पिशवी. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी परतवाड्याहून आले होते, ते कालच झालं होतं. एस. टी.त ड्रायव्हर होते, रिटायर झाले. ट्रंकेतल्या जुन्या खाकी शर्टात नाणं सापडलं, आणि मोतीबिंदू काढायला अकोल्याला जायचंच आहे तर चहाही घेऊन यावा, असा विचार करून आले होते. त्यांनी नाणं पुढे केलं. "लसण्यावाले मास्तर कुठं गेले? त्यायले सांगा, दोन किटलीवालं हाय. दोन चहा लागतात."

सुनीलनं भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी पट्टीमुळे मान तिरकी करून तिकडे पाहिलं, आणि नाणं पटकन मागे घेतलं. "माफ करा जी. मले माहीत नव्हतं. राहू द्या." ते वळले. आतून मामीजी आल्या. म्हणाल्या, "थांबा. म्हातारा गेला. नाणं काही मेलं नाही." आणि ओट्याकडे गेल्या. आतून भांड्याचा आवाज आला, मग पाठोपाठ, "जवाईबापू, साखरेचा डबा उतरवून द्या!"

दोन कप आले. म्हाताऱ्यांनी एक घेतला, दुसऱ्याकडे पाहून मान हलवली. "शुगर हाय मले. तवा दोन जमत होते." मग मला विचारलं, "तुमी कोण?" मी सांगितलं. ते इतके हसले की पट्टी सरकली. "म्हणजे दोन किटल्या तुमीच पाडल्या! मंग दुसरा कप तुमचाच. चूक करनाऱ्यानं भोगलं पायजे." मी चपला काढल्या. मामाजींच्या स्टुलावर बसलो आणि तो चहा घेतला. फार गोड झाला होता. मामीजींना साखर मीच काढून दिली होती आणि त्यांच्या घरचा चमचा किती मोठा आहे, हे इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं. हॉटेलातली ती दोन किटल्यांची भांडणं म्हाताऱ्यांना आठवली आणि ते बोलत राहिले, मी ऐकत राहिलो. यावेळी घड्याळ पाहिलं नाही.

ते गेल्यावर मामीजींनी नाणं पदरानं पुसलं आणि बरणीत टाकलं. खणकन आवाज आला. "घरी आलं," त्या म्हणाल्या. मग सुनीलकडे वळल्या. "हे मशीन कोणाले देऊ नको. सारे नाणे घरी आले की मंग इक." सुनील म्हणाला, "आई, पण बाहेर किती बाकी हायेत, कोणाले माहीत?" मामीजी म्हणाल्या, "तेच तं."

सुनीलनं माझ्याकडे पाहिलं. मी खिशात हात घातला, किल्ल्यांमधलं नाणं मुठीत घट्ट धरलं आणि गप्प राहिलो. ते आजही माझ्याकडेच आहे. मी ते वटवणार नाही. निदान एक बाहेर आहे, हे मला नक्की माहीत आहे, आणि जोवर ते बाहेर आहे तोवर तो प्रेस तिथेच उभा राहील. याबद्दल मात्र मला, नवल म्हणजे, अजिबात अपराधी वाटत नाही. वाचकांपैकी कोणाच्या ट्रंकेत लसण्या असेल तर जरूर अकोल्याला जावं, मामीजी कुरकुरतील आणि चहा देतील. फक्त सगळ्यांनी एकदम जाऊ नये.

परवा शांताबाईंकडे गेलो होतो. दहाचं नाणं पुढे केलं तर त्यांनी हात जोडले. "भाऊ, त्या दिवशीचंच अजून माह्या डब्यात पडून हाय." मी सुट्टे शोधायला खिसा उलटा केला, तर किल्ल्यांबरोबर पितळी नाणं टोपल्यात पडलं. त्यांनी ते उचलून जवळ धरलं. "हे कोनतं वो? लसूण काढला काय याच्यावर?"

"लसूण नाही," मी म्हणालो, गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्यानं, "बोंड हाय ते."

शेजारचा कांदेवाला वळून पाहू लागला. शांताबाईंनी नाणं अंगठ्यानं घासलं, उलटवलं. "चालते काय?"

"अकोल्यात चालते," मी म्हणालो.